अकरा किलो गाणी

लातुरात घर केवढं आहे हे खोल्यांवरून ठरत नाही, टिपाडं किती बसतात यावरून ठरतं. दोनशे लिटरचं निळं प्लास्टिकचं टिपाड हे आमचं खरं मोजमाप. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, देशभर आमचं नाव झालं, पुढं पाऊसही बरा झाला. पण त्या उन्हाळ्यानं इथल्या बायकांच्या नजरेला जे वळण लावलं ते काही गेलं नाही. रिकामा कोपरा दिसला की त्या मनातल्या मनात तिथं टिपाड ठेवून बघतात. आमच्या घरात असा एकच कोपरा उरला होता, जिन्याखालचा. तिथं माझी दोन खोकी होती आणि खोक्यांत कॅसेटी होत्या.

"अहो, ही खोकी हालली तर एक टिपाड आरामात बसतंय," बायको म्हणाली.

"बघूलालो की."

"सहा वर्षं झाली, बघूलालाव."

मी नांदेडचा, ती लातूरची. दोन गावांत रस्त्यानं सुमारे एकशे चाळीस किलोमीटरचं अंतर आहे आणि क्रियापदांत त्याहून जास्त. नांदेडचा माणूस 'जाऊलालो', 'खाऊलालो' म्हणतो, लातूरचा 'जायलो', 'खायलो'. पस्तीस वर्षं इथं काढून मी एरवी लातूरकरांसारखंच बोलतो. टाळाटाळ करायची असली की मात्र तोंडातून नांदेड बाहेर पडतं. हे तिनं केव्हाच ओळखलंय. चिडली की ती माझंच क्रियापद माझ्या अंगावर टाकते.

शेवटी तिनंच तडजोड काढली. "पाच ठेवा. बाकीच्या भंगारात द्या."

"पाचच का?"

"अर्धा किलो पेढ्याच्या डब्यात पाच बसतात. बसवून बघितल्यात मी."

आवडते पाच अल्बम निवडा, असं एखाद्या जाणत्या माणसाला सांगितलं तर तो घराणी बघेल, संगीतकार बघेल, कोणत्या अल्बमनं कोणाला वाट दाखवली ते बघेल. माझ्यापुढं निकष होता पेढ्याचा डबा. त्यात 'अल्बम' हा शब्दही आमच्याकडं गाण्यांसाठी फार उशिरा आला. अल्बम म्हणजे लग्नाचा. गाण्याची ती कॅसेट. अजूनही मी 'माझा आवडता अल्बम' म्हणालो की बायको कपाटाकडं बघते आणि "त्यात तुमचे डोळे मिटलेत" म्हणते. एका फोटोत नव्हे, सगळ्याच.

रविवारी सकाळी भंगारवाल्या मामांचा गाडा आला. पूर्वी ते स्वतः ओरडत. आता गाड्यावर कर्णा आहे आणि कर्ण्यात त्यांचाच भरून ठेवलेला आवाज. 'भंगार, रद्दी, लोखंड, प्लास्टिक, जुनी बॅटरी, कूलर, फ्रिज...' 'फ्रिज'नंतर बारीकसा 'क्यँ' असा आवाज येतो आणि मग पुन्हा 'भंगार' सुरू. कर्णा कुठंतरी फाटला असावा असं मी धरून चाललो होतो. गल्लीतली पोरं मामांची नक्कल करतात तेव्हा तो 'क्यँ' धरूनच करतात. तो राहिला तर बाकीची पोरं "चुकलं, चुकलं" म्हणतात.

मामांनी एक कॅसेट उचलली, अंगठ्यानं दाबून बघितली. "डबी जाती प्लास्टिकात. आतली फीत लई नडती. मशीनला गुंडाळती." मग खोक्यांकडं बघून म्हणाले, "सगळ्या द्यायलाव का?"

"पाच सोडून."

"मग निवडा की निवांत. बसतो मी." आणि ते पायरीवर बसले. बायकोनं त्यांना तांब्याभर पाणी दिलं. लातुरात मे महिन्यात तांब्याभर पाणी मिळालं की माणूस घाई करत नाही.

खोक्यांत एकशे बावन्न कॅसेटी निघाल्या. साठ मिनिटांच्या कॅसेटीत साधारण शहाऐंशी मीटर फीत असते. मी आयुष्यभर मास्तरकी केली, त्यामुळं हिशेब करायचा मोह आवरत नाही. माझी सगळी फीत उलगडली तर तेरा किलोमीटर भरते. म्हणजे नांदेडहून ती अंथरत निघालो तर लोह्यालासुद्धा पोचणार नाही. लातूरपर्यंत यायचं तर सोळाशेच्या वर कॅसेटी लागतील. एवढी वर्षं गाणी ऐकून मी अर्ध्या वाटेतही नाही, हे कळल्यावर जरा बरं वाटलं आणि मी निवडायला बसलो.

पहिला हात गीतरामायणाच्या संचावर गेला.

"हा संच आहे, एकच धरायचा," मी म्हणालो.

"मग मी पण टिपाडांचा संच धरते." एकूण, संचातली एकच कॅसेट ठेवायची असं ठरलं.

१ एप्रिल १९५५ला रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, आठवड्याला एक गाणं. त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून बावन्नाची छप्पन्न झाली. हे सगळीकडं छापून येतं. छापून येत नाही ते हे, की त्या वेळी नांदेड आणि लातूर दोन्ही हैदराबाद राज्यात होती. दादा, म्हणजे माझे वडील, तेव्हा विशीतले. गल्लीत एका वकिलांकडं रेडिओ होता, अंगणातल्या बांबूवर तार बांधलेली होती, आणि नशिबात असलं तर पुणे खरखरत लागायचं. "राम आम्हाला परराज्यातून ऐकू यायचा," दादा सांगत. एप्रिल १९५६मध्ये रामाची कथा संपली. मराठवाडा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला तो त्याच वर्षीच्या १ नोव्हेंबरला. "रामाचं सगळं मार्गी लागलं, मग आपली फाईल हालली," हे त्यांचं त्यावरचं भाष्य.

रेडिओवर खरखरीत ऐकलेला राम आपल्या मालकीचा करायचा हे दादांनी मनात धरलं होतं. ऐंशीच्या दशकात पगाराचा फरक मिळाला आणि संच घरी आला. आठवड्याभरात शेजारचे एक काका त्यातली एक कॅसेट घेऊन गेले. ती नेमकी अयोध्या सोडण्यापासून भरतानं पादुका नेण्यापर्यंतची. काकांची पुढं परभणीला बदली झाली आणि कॅसेट त्यांच्या सामानातून गेली. त्यामुळं आमच्या घरात रामाला वनवास झालाच नाही. कैकेयी वर मागायची, राजवाड्यात रडारड व्हायची, दादा उठून कॅसेट बदलायचे आणि राम थेट पंचवटीत हजर! मधे काय झालं ते आजी तोंडानं सांगायची. तिच्या रामायणात भरत नांदेडच्या एखाद्या भावकीतल्यासारखा बोलायचा आणि कैकेयीला ती असे शब्द वापरायची की गदिमांनी कानावर हात ठेवले असते.

वीस-बावीस वर्षांनी अहमदपूरला एका लग्नात त्या काकांचा मुलगा भेटला. मी कॅसेटीचा विषय काढला नाही, त्यानंच काढला. "आमच्याकडं रामायणाची तेवढी एकच कॅसेट होती. आमचा राम जन्मलाच नाही बघा, आणि परतही आला नाही. नुसता चालतच राहिला." वडिलांच्या बदल्यांपायी आठ गावं फिरलेला तो मुलगा हे हसत सांगत होता. म्हणजे एका संचाची दोन रामायणं झाली होती आणि दोन्ही त्या त्या घराला बरोबर बसली होती. तेव्हा आम्ही नांदेड न सोडलेली माणसं. आमचा राम अयोध्या सोडताना कधी कुणी ऐकला नाही.

संचातून मी ती कॅसेट ठेवली, जिच्यानंतर दादा उठायचे.

दुसरी निवडायला वेळ लागला नाही. तिच्यावर लेबल नाही, निळ्या शाईत उर्दूत दोन शब्द आहेत, दादांच्या हातचे. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून. दादांची पाटी उर्दूत गिरवलेली. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला आणि दादा बाराखडीपासून पुन्हा शिकले. तेव्हापासून त्यांचा हिशेब मराठीत आणि रुसवा उर्दूत. आईशी भांडण झालं की ते गालिबकडं जात आणि आई स्वयंपाकघरात. १९७६मध्ये जगजीत आणि चित्रा सिंग यांची 'द अनफर्गेटेबल्स' ही तबकडी आली होती. ती दादांनी एका डॉक्टर मित्राकडं ऐकली आणि चार दिवस घरात कुणाशी धड बोलले नाहीत. मी कॉलेजात गेल्यावर शिकवणीच्या पैशातून कोरी कॅसेट घेतली आणि त्यांच्यासाठी भरून आणायची ठरवलं.

कॅसेट भरून देणारं दुकान ही तेव्हा मोठी संस्था होती. गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची, आठ दिवसांनी जायचं, "उद्या या" ऐकायचं, असं तीनदा झालं की कॅसेट मिळायची. आमच्या दुकानदाराला गाणं कळत होतं, मिनिटं कळत नव्हती. माझ्या यादीतली त्यानं सगळी कोंबली. पहिली बाजू संपली तेव्हा शेवटच्या गझलेचा शेवटचा शेर बाहेरच राहिला. दुसऱ्या बाजूला उलट झालं. गझला संपल्या, फीत उरली. कोरी फीत देणं त्याच्या तत्त्वात बसेना, म्हणून त्यानं स्वतःच्या पसंतीनं नाझिया हसन भरली. तिची 'डिस्को दीवाने' १९८१पासून गावभर वाजत होतीच. म्हणून आजही कुठंही जगजीत सिंगांची त्या बाजूची शेवटची गझल संपली की माझा पाय आपोआप ठेका धरायला लागतो. भोवतीची माणसं अशा वेळी डोळे पुसत असतात, त्यामुळं फार अवघड होतं.

पण मला ती कॅसेट ठेवायची होती ती पहिल्या बाजूच्या शेवटासाठी. 'खट्' आवाज होऊन टेप थांबला की दादा डोळे न उघडता उरलेला शेर म्हणायचे. सावकाश, शेवटच्या शब्दावर जरा थांबून. पंधरा वर्षं मी तो शेर त्या गझलेचाच धरून चाललो. मित्रांना ऐकवला, एका निरोप समारंभात म्हटला, टाळ्याही घेतल्या. पुढं ती गझल अखेरपर्यंत ऐकायला मिळाली तेव्हा तिथं भलताच शेर निघाला. दादांना विचारलं. ते म्हणाले, "मग काय करणार? दुकानदारानं दार लावून घेतलं होतं. बाहेर उभं राहून आपलं काहीतरी म्हणायचं." जन्मभर भूमापन खात्यात नकाशे काढलेला माणूस, त्यांनी आयुष्यात केलेला एवढा एकच शेर. तो ठेवायला फितीवर जागा नव्हती म्हणून तो मला पाठ आहे.

"काका, मी जरा पलीकडच्या गल्लीत जाऊन येऊ का?" मामांनी विचारलं.

"झालंच. दोन झाल्या."

"दोनच?" मामांनी बायकोकडं बघितलं. तिनं तांब्या पुन्हा भरून दिला.

तिसरी कॅसेट वाकडी आहे. तिची डबी उन्हानं पापडासारखी वळलीय. नोकरीची पहिली वर्षं मी शनिवारी नांदेडला जाई आणि सोमवारी पहाटे लातूरला निघे. एसटी चुकली की काळी-पिवळी जीप. एका ड्रायव्हरकडं एकच कॅसेट होती, प्रल्हाद शिंदे. एका बाजूला विठ्ठलाची गाणी, दुसऱ्या बाजूला भीमगीतं. टेप असा, की एक बाजू संपली की आपोआप दुसरी सुरू. लोहा ओलांडलं की बाजू बदले, माळेगावच्या खंडोबाला ड्रायव्हरनं हात जोडले की पुन्हा विठ्ठल, अहमदपूर येता येता पुन्हा बाबासाहेब. चाकूरपर्यंत जीपमधल्या सगळ्यांना दोन्ही बाजू पाठ.

मागच्या बाकावर कधी तुळशीमाळ घातलेले म्हातारे असत, कधी जयंतीला निघालेली निळ्या फेट्यांची पोरं, बहुतेक वेळा दोन्ही, आणि मधे मी, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं घेऊन. एकदा बाजू बदलली आणि कुणीतरी "आमचं लावा की" म्हणालं. कोणाचं 'आमचं' ते मला मागून कळलं नाही. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "एकाच माणसाचा गळा हाय. अर्धा तुमचा, अर्धा त्यांचा, कसा कापू?" त्यावर सगळे हसले. एवढं खरं की नव्वदच्या आसपासच्या त्या वर्षांत आमच्याकडं असं हसण्यासारखे दिवस कमी होते. विद्यापीठाच्या नामांतरानं मराठवाडा १९७८पासून धुमसत होता. गावोगावी माणसं एका पाणवठ्यावर येत नव्हती. जीपमध्ये मात्र बाराजणांच्या जागेत अठरा बसायची सोय प्रल्हाद शिंदे करून देत. आषाढीला तोच आवाज, १४ एप्रिलला तोच आवाज. भीमगीतं ज्यांनी गावागावांत नेली ते वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे, दोघंही २००४ सालीच गेले. त्या वर्षी ड्रायव्हरनं जीपमध्ये सीडी बसवली होती. कॅसेट त्यानं मला दिली. "सर, तुमच्यापरीस कुणी जास्त ऐकलेली न्हाई. ठिवा."

चौथी कॅसेट गुरुद्वाऱ्यासमोरच्या दुकानातली, शबद कीर्तनाची. नांदेडला गुरू गोविंदसिंहजींचं १७०८मध्ये निर्वाण झालं आणि तेव्हापासून आमचं गाव साऱ्या जगातल्या शिखांचं. तिथं अनेक पिढ्या राहिलेली शीख घरं अशी आहेत, की त्यांच्यापुढं माझंच मराठी परगावचं वाटावं. माझ्या वर्गातला मित्र असाच. तो 'काय करूलालास बे' म्हणे आणि पुण्याहून आलेले पाहुणे दचकून त्याच्या पगडीकडं बघत. ही कॅसेट त्यानं दिलेली.

दुपारी आजी तांदूळ निवडत बसली होती, मी कॅसेट लावली. हार्मोनियम, तबला, संथ आवाज. आजीला त्यातला शब्द कळत नव्हता. ती आपली खडे काढत होती. एकाएकी तिचा हात थांबला. "मागं घे रे." मी मागं घेतलं. "पुन्हा घे." गाण्यात शेवटी 'नामा' आला होता. आजीचं माहेर नरसीकडचं, म्हणजे नामदेवांच्या गावाकडचं. तिनं सूप खाली ठेवलं. "ह्यो तर आमचा नामा! तिकडं काय करूलालाय?"

मित्रानं तिला समजावून सांगितलं, की गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत, तिथली वाणी एकतीस रागांत लावलेली आहे, आणि पंजाबात बाबा नामदेवांना फार मान आहे. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जेवायला बरं घालतात का त्याला?" मित्र म्हणाला, "आज्जी, लंगर हाय की आमच्यात." तिचं समाधान झालं. माहेरचा पोरगा परमुलखात जाऊन नाव काढतोय आणि उपाशी नाही, एवढी खात्री तिला पुरेशी होती. त्यानंतर रोज दुपारी तेवढंच लावायचं, मागं घ्यायचं, पुन्हा लावायचं. आता त्या जागी फीत झिजलीय. नामदेवांचं नाव येतं तिथं सगळा आवाज गोदावरीत बुडी मारल्यासारखा खाली जातो आणि पुढच्या ओळीला वर येतो. दुकानात मिळणाऱ्या कॅसेटीत नामा असा बुडत नाही.

चार झाल्या. पाचवीसाठी माझ्या हातात बऱ्याच होत्या. 'शिवकल्याण राजा' होती. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली त्या १९७४ सालची, लताबाई आणि हृदयनाथांची. अजय-अतुलची 'विश्वविनायक' होती, सलील-संदीपची 'आयुष्यावर बोलू काही' होती. एकेक करून सगळ्या बाजूला ठेवल्या. त्या उत्तम होत्या, आणि उत्तम गोष्टीचं बरं असतं, ती कुठंही मिळते. फोनवर बोट ठेवलं की हजर. ना फीत कापलेली, ना मधेच कुणी दार लावून घेतलेलं.

तेवढ्यात बायको वाकली, खोक्याच्या तळातून एक कॅसेट काढली आणि डब्यात ठेवली. मी न बघताही ओळखली. भीमसेन जोशींची अभंगवाणी.

१९९३ साली आमचं नुकतंच लग्न झालं होतं. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गल्लीतल्या मंडळाचा टेप आमचाच होता, म्हणून विसर्जनानंतर रात्री उशिरा तो आणि कॅसेटी घेऊन आम्ही घरी आलो, आणि तशाच पिशवीत ठेवून झोपलो. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हालली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पळालो आणि तिनं पळता पळता हाताला लागली ती पिशवी उचलली. उजाडल्यावर किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर यायला लागली. लातुरात आम्ही वाचलो होतो. तिकडं गावंच्या गावं दगडामातीखाली होती, हजारो माणसं झोपेत गेली होती. त्यानंतर कित्येक दिवस सगळी गल्ली मोकळ्या मैदानात झोपायची. रेडिओ बातम्यांपुरता. गाणं लावायचं कुणाच्या मनात येत नव्हतं, आणि आलं तरी हात धजत नव्हता.

एका संध्याकाळी तिनं पिशवीतून टेप काढला आणि ही कॅसेट घातली. माझ्या पोटात गोळा आला. म्हटलं, आता कुणीतरी ओरडणार. कुणी ओरडलं नाही. टेपातले सेल उतरलेले होते. भीमसेनांचा आवाज नेहमीपेक्षा खाली, फार सावकाश येत होता. पुणे आकाशवाणीसाठी राम फाटकांनी चाल लावलेला नामदेवांचा अभंग, एरवी माणसं उभी राहून टाळ्या धरतात तो, त्या मैदानात एखाद्या दमलेल्या माणसानं मुक्कामाला यावं तसा आला. पलीकडच्या गोधडीवरच्या एक आजी पहिल्यांदाच रडल्या. त्यांची लेक सास्तूरला दिलेली होती. सेल संपले तेव्हा आवाज घरंगळत थांबला आणि कुणीही हलेना. पुढं पुष्कळदा हा अभंग नीट गतीत ऐकला. दर वेळी मला वाटतं, भीमसेनजी जरा घाई करतायत.

बायकोनं डब्याचं झाकण लावलं.

मामांनी बाकीच्या पोत्यात भरल्या, काट्याला अडकवल्या. अकरा किलो. दहानं एकशे दहा रुपये झाले. पेढ्यांना याच्या कितीतरी पट पडले होते.

पोतं गाड्यावर टाकून मामा बटण दाबणार, तेवढ्यात मी विचारलं, "मामा, तो 'फ्रिज'नंतर आवाज काय हो येतो? कर्णा दुरुस्त का करून घेत नाही?"

मामा लाजल्यासारखे हसले. "कर्णा न्हाई ओ. पोरगी हाय माझी. आवाज भरायलो तवा मांडीवर होती, दोन महिन्यांची. मी जोरात 'फ्रिज' म्हणलो आन् ती दचकली. पुन्हा भरावा म्हणलं, तर भरणाऱ्यानं पन्नास रुपये जास्तीचे मागितले. म्हणलं ऱ्हाऊ द्या. आता बरेच जण म्हंतेत, नवा भरून घ्या, मोबाईलवर फुकट होतो. पर आता पुसावं वाटंना."

"केवढी आहे आता?"

"पाचवीला गेली. लातुरात पाचवी म्हंजी निम्मी डॉक्टरच की."

त्यांनी बटण दाबलं आणि गाडा निघाला. जिन्याखालून बायको टिपाड सरकवत असल्याचा आवाज येत होता. ती मला हाक मारत होती आणि मी "येऊलालो, येऊलालो" म्हणत फाटकाशीच उभा होतो. कोपऱ्यावर खेळणारी पोरं गाड्याबरोबर ओरडायला लागली होती. लोखंड झालं, प्लास्टिक झालं, जुनी बॅटरी झाली, कूलर झाला. 'फ्रिज' आलं आणि सगळ्या पोरांबरोबर मीही, न चुकता, 'क्यँ' केलं.